स्तोत्र ४०: वर काढलेला माणूस पुन्हा हाक मारतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. एक बहीण दोन वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून वाचल्या. उपासनेत उभं राहून त्यांनी साक्ष दिली आणि बायबलमधलं स्तोत्र ४० वाचलं. आता आजार उलटला आहे. त्या विचारतात, "देवाने मला खाचेतून वर काढलं असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. मग मी पुन्हा खाचेत कशी? माझी साक्ष खोटी होती का? ते स्तोत्र आता उघडवतसुद्धा नाही. त्यातून आशा आणि धैर्य मिळवायचं तरी कसं?"

ताई, आधी मीच एक विचारतो. त्या दिवशी स्तोत्र कुठवर वाचलं होतंत? तिसऱ्या वचनापाशी थांबला असाल तर दोष तुमचा नाही. आम्ही पाळक लोकच वर्षानुवर्षं तिथे थांबत आलो आहोत. आभाराची उपासना असली की पहिली तीन वचनं ठरलेली: धीर धरून वाट पाहिली, त्याने हाक ऐकली, चिखलातून काढलं, पाय खडकावर ठेवले, मुखात नवं गीत घातलं. इथे बायबल मिटायचं आणि गायनवर्गाने उभं राहायचं. स्तोत्र मात्र सतरा वचनांचं आहे आणि ते गाण्यावर संपत नाही. त्याचे शेवटचे शब्द आहेत, "माझ्या देवा, उशीर करू नकोस."

(वचनं मी माझ्या शब्दांत देतो आहे. तुमच्याकडच्या भाषांतरात शब्द थोडे इकडेतिकडे असतील, क्रमांक तेच असतील.)

हे मला एका आजारी गृहस्थांनी शिकवलं. मी तेव्हा नवा पाळक होतो. रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून मी हीच तीन वचनं वाचली, पुस्तक मिटलं आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटणार तोच ते म्हणाले, "अर्ध्यातच का ठेवलंत? पुढचं वाचा की." पुढे काय आहे ते मला धड आठवतही नव्हतं. वाचत गेलो. बाराव्या वचनाशी आलो: असंख्य अरिष्टांनी मला घेरलं आहे, मला दिसेनासं झालं आहे, माझ्या हृदयाने मला सोडलं आहे. माझा आवाज आपोआप खाली आला. आजारी माणसासमोर हे काय वाचतोय, असं वाटलं. सलाईन लावलेला हात त्यांनी जरासा उचलला आणि म्हणाले, "हां. हे माझं. इथून वाचा." ते वचन त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्या तीन वचनांना त्यांनी नुसती मान डोलावली होती, या वचनाला त्यांचे ओठ हलले.

तेव्हा तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमची साक्ष खोटी नव्हती. जो माणूस दुसऱ्या वचनात खडकावर उभा आहे, तोच बाराव्या वचनात बुडतो आहे. आणि बुडताना तो दुसरं वचन खोडत नाही. दोन्ही एकाच कागदावर राहू देतो.

काही अभ्यासकांच्या मते ही मुळात दोन स्तोत्रं आहेत, कुणीतरी मागाहून जोडलेली. त्याला आधारही आहे. १३ ते १७ ही वचनं किरकोळ फरकाने स्तोत्र ७० म्हणून वेगळी आलेली आहेत. असेल तसं. पण ज्याने जोडलं त्याला कुठे काय जोडतो आहोत हे पक्कं कळत होतं. सहसा विलापाची स्तोत्रं रडण्याकडून गाण्याकडे जातात. स्तोत्र १३ "कुठवर" म्हणत सुरू होतं आणि गात संपतं, स्तोत्र २२ चंही तसंच. इथे क्रम उलटा आहे. आधी सुटका, मग हाक. माझ्या मते हा क्रम चुकून लागलेला नाही. सुटलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य असंच असतं.

आता खाचेविषयी. दुसऱ्या वचनातला हिब्रू शब्द 'बोर' आहे, म्हणजे पाणी साठवायला खडकात खोदलेलं टाकं. यहूदीयातली अशी टाकी पुष्कळदा सुरईच्या आकाराची असत: तोंड अरुंद, पोट रुंद, आतून गिलावा केलेला. आत पडलेल्याला भिंतीला धरून चढता येत नाही, कारण भिंत वर येता येता डोक्यावर झुकत जाते. योसेफाला भावांनी टाकलं ते असंच कोरडं टाकं. यिर्मया संदेष्ट्याला दोरांनी सोडलं त्यात पाणी नव्हतं, गाळ होता, आणि तो गाळात रुतत गेला. त्या टाक्याला स्तोत्रकर्ता आणखी एक शब्द लावतो, 'शाओन'. आपल्याकडे 'नाशाची खाच' असं वाचायची सवय आहे. हा शब्द इतरत्र समुद्राच्या, लोकांच्या गर्जनेसाठी येतो. म्हणजे ही खाच गोंगाटाची आहे. रात्री दोन वाजता अहवालातला एकच शब्द डोक्यात घुमत राहतो आणि घरात सगळे झोपलेले असतात, तो गोंगाट तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

यिर्मयाची गोष्ट इथे जरा थांबून बघण्यासारखी आहे (यिर्मया ३८). त्याला वर काढणारा होता एबद-मलेख, राजवाड्यातला एक कूशी नोकर, म्हणजे परका माणूस. राजाने त्याच्याबरोबर तीस माणसं दिली. तो आधी कोठीत गेला, जुन्या चिंध्या, फाटके कपडे गोळा केले, ते दोरांनी आत सोडले आणि वरून ओरडून सांगितलं, "हे काखेत धर, दोराखाली." दोर काचू नये म्हणून. पवित्र शास्त्रात सुटकेचं वर्णन इतक्या जवळून क्वचित येतं. देवाने सोडवलं, हे खरं. पण चिंध्या कुणीतरी आठवणीने घेतल्या, दोर कुणीतरी ओढला. उपचार घेणं, औषध घेणं, शेजारणीने करून दिलेला डबा घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तुमच्या मनात कुणी भरवलं असेल तर त्याला हा अध्याय वाचून दाखवा.

आणि याच गोष्टीतली पुढची ओळ सहसा कुणी वाचत नाही. टाक्यातून निघाल्यावर यिर्मया मोकळा झाला नाही. यरुशलेम पडेपर्यंत तो पहाऱ्याच्या अंगणातच राहिला. सुटका खरी होती आणि अपुरीही होती. "देवाने सोडवलं" याचा अर्थ "आता काही होणार नाही" असा शास्त्राने कधी लावला नाही. आपण लावला, कारण साक्ष द्यायला उभं राहिलं की गोष्टीला शेवट लागतो आणि लोकांना शेवट गोड हवा असतो. मंडळीत मी आता साक्ष देणाऱ्याला सांगतो, "पुढे काय होईल ते ठाऊक नाही, असं म्हटलंत तरी चालेल." काहींना ते रुचत नाही.

पहिल्या वचनाकडे परत जाऊ. 'वाट पाहिली' इथे हिब्रूत एकच क्रियापद दोनदा येतं, 'कव्वो किव्वीती'. मराठीत आपण 'वाट पाहून पाहून' म्हणतो ना, तसं. भाषांतरात 'धीर धरून' आल्यामुळे आपल्याला कुणी शांत, समंजस, हात जोडून बसलेला भक्त दिसतो. मुळात तसं शांत काही नाही. गाळात गळ्यापर्यंत रुतलेला माणूस टाक्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या उजेडाच्या तुकड्याकडे डोळे लावून आहे. याच धातूपासून 'तिकवा' हा आशेसाठीचा हिब्रू शब्द होतो. गंमत अशी की यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्यालाही 'तिकवा' हाच शब्द आहे. व्युत्पत्तीवर मी फार बांधकाम करत नाही, उपदेशात ती खोड वाईट. पण खाचेतल्या माणसासाठी आशा आणि दोर यांना एकच शब्द असावा, हे मला आवडतं. आशा म्हणजे मनाची उभारी असेल तर आज तुमच्याकडे ती नाही, आणि मी "उभारी धरा" म्हणून ती येणारही नाही. दोराचं बरं असतं. त्याचं दुसरं टोक आपल्या हातात नसतं.

मग "त्याने माझ्याकडे कान दिला", तिथला शब्द वाकण्याचा आहे. देव टाक्याच्या तोंडाशी वाकतो.

चौथं वचन मी इथे सोडतो. सहाव्यात मात्र एक विलक्षण गोष्ट आहे. "यज्ञ आणि अर्पण तुला नको होतं, तू माझे कान..." पुढचं क्रियापद आहे 'खोदलेस'. विहीर खोदतात, खड्डा खणतात, तेच क्रियापद. जो दगडात खोदलेल्या टाक्यात मरणार होता, तो म्हणतो की देवाने माझ्यात काहीतरी खोदलं: कान. कारण तुझ्या इच्छेप्रमाणे करण्यात मला आनंद आहे, असं पुढे आठव्या वचनात येतं.

ख्रिस्ती वाचकाला इथे पाय रोवून उभं राहावं लागतं. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात हीच वचनं येतात आणि ती ख्रिस्ताच्या तोंडी येतात: जगात येताना तो हे म्हणतो. पत्राचा लेखक ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतराचा, सेप्टुअजिंटचा, पाठ वापरतो. त्यात 'कान खोदलेस' याच्या जागी आहे 'माझ्यासाठी शरीर सिद्ध केलंस'. यावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला साधं दिसतं ते असं: ऐकणारे कान आणि अर्पण केलेलं शरीर, दोन्हींत मुद्दा एकच, पशूच्या बदल्यात माणूस स्वतः उभा राहतो. "हा पाहा, मी आलो आहे."

म्हणजे हे स्तोत्र आधी प्रभूचं आहे, मग तुमचं. आणि ते त्याचं असेल तर पूर्ण त्याचं आहे, पहिली तीन वचनंच नव्हेत. "माझ्या हृदयाने मला सोडलं" हेही. "उशीर करू नकोस" हेही. गेथशेमाने बागेत त्याने काय वेगळं मागितलं? हा प्याला टळून जावा, असंच ना? आणि त्याच श्वासात आठवं वचन: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तुमच्या तोंडातून आता जी अर्धवट, चिडकी, थकलेली प्रार्थना निघते, ती त्याच्या तोंडून जाऊन आलेली आहे.

"पण मग 'माझी पापं मला गाठून बसली आहेत' असंही बाराव्यात आहे. ते त्याच्या तोंडी कसं?" असा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास येतो. प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टिन याने स्तोत्रांवर बोलताना याला दिलेलं उत्तर मला अजून पटतं: स्तोत्रात मस्तक आणि शरीर एका आवाजात बोलतात, ख्रिस्त आपल्या मंडळीचे शब्द स्वतःचे म्हणून उच्चारतो. पाप आपलं, आवाज त्याचा. तुम्ही विचारलेलं नाही, पण आजार उलटल्यावर हे मनात आल्यावाचून राहत नाही म्हणून सांगतो: "माझ्या पापामुळे हे परत आलं का?" जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमकं हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही नावं खोडली (योहान ९:३). स्तोत्रकर्ताही हिशोब मांडत बसत नाही, अमुक पापाचं तमुक अरिष्ट म्हणून. रात्र पडली की सगळंच एकदम अंगावर येतं, दुखणंही आणि जुन्या चुकाही. तो दोन्ही एका वचनात कोंबतो आणि देवापुढे ठेवतो. वर्गवारी देवाने करावी.

आता आशेचा गाभा. इब्री लोकांस पत्र ५:७ मध्ये म्हटलं आहे की येशूने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत, मरणातून सोडवायला जो समर्थ त्याची प्रार्थना केली आणि ती ऐकण्यात आली. हे वचन मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा अडखळलो होतो. ऐकण्यात आली? तो तर वधस्तंभावर मेला. प्याला टळला नाही. मग ऐकलं काय? ऐकलं ते तिसऱ्या दिवशी. त्याला मरण्यापासून वाचवलं नाही, मरणाच्या पोटातून बाहेर काढलं. खडकात खोदलेल्या कबरेतून. स्तोत्र ४० चं दुसरं वचन जितकं त्या पहाटे खरं झालं तितकं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

म्हणून ख्रिस्ती माणूस 'सुटका' हा शब्द दोन मापांनी वापरतो, आणि त्यांची गल्लत झाली की विश्वास खचतो. एक सुटका तुम्हाला दोन वर्षांपूर्वी मिळाली. ती खरी, पण उसनी. प्रभूने मरणातून उठवलेला लाजरही पुन्हा मेला असणार. दुसरी सुटका ख्रिस्ताची आहे. ती मिळाली की खाचच उरत नाही. पहिली ही दुसरीची इसार आहे. इसार हातात असताना पूर्ण सौदा मिळाला नाही म्हणून रडू येतं, ते साहजिकच आहे. पण म्हणून इसार खोटी ठरत नाही.

पहिली सुटका कुणाला मिळते आणि कुणाला नाही, याचा नियम मला सापडलेला नाही. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये याकोब तरवारीने मारला जातो आणि त्याच अध्यायात पेत्राच्या साखळ्या गळून पडतात. मंडळीने एकासाठी कमी प्रार्थना केली असं त्या पुस्तकाचा लेखक लूक कुठे सुचवत नाही. तो कारणच देत नाही. जो पाळक कारण देऊ बघेल त्याच्यापासून जरा लांब राहा, तो मी असलो तरी.

पौलाचं एक वाक्य या स्तोत्राशेजारी ठेवून बघा (२ करिंथ १:८-१०). आशियात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगण्याची आशा सुटली, असं तो सरळ लिहितो. प्रेषित आणि आशा सुटली! मग म्हणतो: देवाने आम्हांला इतक्या मोठ्या मरणातून सोडवलं, तो सोडवील, आणि तो यापुढेही सोडवील अशी आम्ही त्याच्यावर आशा ठेवली आहे. सोडवलं, सोडवील, पुढेही सोडवील. एवढं एका वाक्यात का लागावं? कारण पौलाला ठाऊक होतं की एकदा सुटलेल्याला पुन्हा सुटावं लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या 'सोडवलं' या शब्दावर आज तुम्ही उभ्या आहात. पाय थरथरत असतील, पण उभ्या त्यावरच आहात.

धैर्याबद्दल आता. तुम्हाला धैर्य हवं आहे आणि मनात बहुधा चित्र आहे न घाबरणाऱ्या बाईचं. या स्तोत्रात तसं माणूस नाही. बारावं वचन पुन्हा वाचा: हृदयानेच सोडून दिलेलं आहे. मराठीत 'धीर सुटला' म्हणतो त्याच्याही पलीकडचं. आणि त्या सुटलेल्या हृदयाने तो तेराव्या वचनात तोंड उघडतो: "परमेश्वरा, मला सोडवण्याची कृपा कर, माझ्या साहाय्याला त्वरा कर." धैर्य कुठे असेलच तर बारा आणि तेराच्या मधल्या त्या इवल्याशा जागेत आहे.

पण तो नुसता रडत नाही, हक्काने मागतो. आणि तो हक्क त्याला कुठून मिळतो ते पाहिलं की तुमच्या साक्षीचं काय झालं तेही कळेल. नवव्या वचनात तो म्हणतो, मोठ्या मंडळीत मी तुझी सुवार्ता सांगितली. मी माझे ओठ आवरले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. दहाव्यात, तुझं सत्य मी लपवून ठेवलं नाही. आणि लगेच अकराव्यात: तूही आपली करुणा माझ्यापासून आवरून धरू नकोस. हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. मी आवरलं नाही, तू आवरू नकोस.

त्या दिवशी माइकसमोर उभं राहून तुम्ही बोललात, ते वाया गेलं असं तुम्हाला वाटतं. स्तोत्रकर्ता तीच साक्ष उचलतो आणि देवासमोर दस्तऐवज म्हणून ठेवतो. 'तुझं नाव मी चारचौघांत घेतलंय. आता ते राखणं तुझ्याकडे.' हे उद्धट वाटेल. पण पवित्र शास्त्रातली प्रार्थना पुष्कळदा अशीच असते, मोशेपासून. तेव्हा साक्ष मागे घेऊ नका. तिचा आधार घ्या.

आणखी एक शब्दांची जोडी सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पाचव्या वचनात देवाची अद्भुतं आणि आपल्याविषयीचे त्याचे विचार 'मोजण्यापलीकडे' आहेत. बाराव्यात अरिष्टं 'असंख्य' आहेत आणि पापं डोक्यावरच्या केसांहून 'अधिक झाली' आहेत. मोजणीचा शब्द तोच, 'अधिक झाली' हे क्रियापदही तेच. एकाच माणसाने एकाच मापाने दोन ढीग मोजायला घेतले आणि दोन्ही मोजून संपेनात. तो एका ढिगाने दुसरा झाकत नाही. "देवाचे उपकार मोज, दुःख विसरशील" असला सल्ला तो स्वतःला देत नाही, आणि तो मीही तुम्हाला देणार नाही. शेवटच्या वचनात मात्र तो पाचव्यातला 'विचार' हाच शब्द परत आणतो: मी दीन, दरिद्री आहे, तरी प्रभू माझा विचार करतो. पाचव्यात विचार 'आमच्याविषयी' होते. सतराव्यात ते एकट्या माझ्याविषयी आहेत.

मधल्या वचनांत जे "अहाहा, अहाहा" करून हसतात त्यांचा समाचार आहे. तुमच्या बाबतीत हसणारे बाहेर कुणी नसतील. पण "काय झालं तुझ्या साक्षीचं?" असं आतून कुणीतरी म्हणतंच. तो आवाज लाजून मागे फिरो, असं मागायला हरकत नाही. हाडामांसाच्या माणसांवर ही वचनं चालवू नका, एवढं सांभाळा.

वाचायचं कसं, तेवढं सांगतो. मोठ्याने वाचा आणि सतराही वचनं वाचा. मन लागलं पाहिजे असा हट्ट नको. जिथे आवाज अडकेल तिथे थांबा, त्या दिवशीचं स्तोत्र तेवढंच. सगळं वाचवत नसेल तर तेरावं वचन पुरे: देवा, मला सोडव, माझ्या साहाय्याला त्वरा कर. जॉन कॅसियन या संन्याशाने पाचव्या शतकात लिहून ठेवलं आहे की इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी हीच ओळ, स्तोत्र ७० मधली, उठता बसता म्हणत; भीती असो, झोप येत नसो, मन भरकटलेलं असो. पुढे बेनेडिक्टच्या मठांत दिवसभराच्या प्रार्थनांची सुरुवात तिच्यानेच होऊ लागली. दीड हजार वर्षं माणसं दर काही तासांनी "लवकर ये" म्हणत आली आहेत. त्यांच्या रांगेत तुम्ही शेवटच्या उभ्या आहात असं समजा. यंत्राखाली निजवतात आणि हलू नका म्हणतात, तेव्हाही एवढी ओळ म्हणता येते.

उपासनेला जा. गाता येत नसेल तर गाऊ नका, बसा. सोळाव्या वचनात हा खाचेतला माणूस मागतो की तुला शोधणारे सगळे तुझ्या ठायी आनंद करोत, "परमेश्वर थोर आहे" असं म्हणत राहोत. त्याला स्वतःला ते म्हणवत नाही, म्हणून तो दुसऱ्यांनी म्हणावं असं मागतो. मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं गाणं ऐकणं हीही त्या वचनाची प्रार्थनाच. रात्री अजिबात झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगूच नये असं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना आणि घरच्यांना आजच सांगा. यिर्मयाने चिंध्या काखेत धरल्या, "देव काढील" म्हणून परत फेकल्या नाहीत.

आणि एकटीने वाचू नका. तुमच्या पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू ताईला तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घरी बोलवा. पहिली अकरा वचनं त्यांना वाचू द्या, तुम्ही नुसतं ऐका. बारावं तुम्ही वाचा. मधेच आवाज गेला तर तेरापासून पुढे त्यांनी उचलावं, हे आधीच ठरवून ठेवा.